हिसक्याचं वजन
भरलेली बादली विहिरीतून हळूहळू ओढली तर दोर टिकतो. तीच सुटून दोन हात खाली गेली आणि दोराला हिसका बसला, की जुना दोर तुटतो. वजन तेच, पण थांबायला मिळतं इंचभर अंतर. हवाई कसरतींचं रेशमी कापड (नाव रेशमी, असतं बहुधा नायलॉनचं) नाचाच्या खांबाला बांधू नये, ते यासाठीच. घरगुती खांब बहुधा जमीन आणि छतामध्ये नुसता दाबून उभा केलेला असतो, पडद्याच्या स्प्रिंगवाल्या दांडीसारखा. ‘माणसाला पेलतोच की!’ पेलतो, पण खांबाला बिलगून फिरणाऱ्या माणसाला. गुंडाळलेल्या कापडातून सुटत खाली येणाऱ्याचा हिसका वजनाच्या कित्येक पट असतो; झोका घेतला तर ओढ आडवीही. म्हणून कापडाला इंजिनिअरने तपासलेल्या तुळईत स्वतंत्र कडी हवी, तीही झोक्यात डोकं खांबावर आपटणार नाही इतकी दूर. मल्लखांबातही पुरलेला खांब वेगळा, दोरीचा वेगळा.