हिरडीतलं रक्त आणि केसपेपरची खिडकी

मागच्या आठवड्यात गरोदर बाईच्या रक्तक्षयाबद्दल लिहिलं. आज त्याच बाईच्या तोंडाकडे बघू.

गरोदरपणात इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन वाढलं की हिरड्या सुजतात, हुळहुळ्या होतात. दुसऱ्या महिन्यापासून सुरू झालेला हा त्रास आठव्या महिन्यात सर्वांत जास्त असतो. भाकरी चावताना रक्त येतं, उलट्यांच्या आम्लाने दात झिजतात. हे कुठल्याही बाईला होतं आणि नीट स्वच्छता, वेळेवर तपासणी एवढ्यावर बहुतेकींचं भागतं. मग अकोले तालुक्यातल्या ठाकर किंवा महादेव कोळी आदिवासी बाईचं का भागत नाही?

अंतर आहेच. भंडारदऱ्याच्या वरच्या वाड्यांतून राजूरचं ग्रामीण रुग्णालय गाठायचं तर मजुरी बुडते. दंत महाविद्यालय तर आणखी लांब. पण मला वागणुकीचं कारण त्याहून मोठं वाटतं. केसपेपर काढताना आडनाव ऐकून सूर बदलतो, ‘तुम्ही लोक’ सुरू होतं. तोंडात मिश्री दिसली की दात बघण्याआधीच बोलणी बसतात. तव्यावर काळी होईतो भाजलेली ती तंबाखू वाईटच. तिच्यातलं निकोटीन बाळापर्यंत पोचतं. पण भूक आणि दाताचा ठणका, दोन्ही मारायला बाई हिरडीवर मिश्रीचं बोट फिरवते, हे विचारायला कोण थांबतं? असा पाणउतारा झाला की पुढच्या खेपेला ती दाताचं नावच काढत नाही. पारधी बाईचं तर विचारूच नका. पारध्यांना गुन्हेगार जमात ठरवणारा कायदा १९५२ मध्ये गेला, संशयाची नजर राहिली.

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या गरोदर आदिवासी बायकांच्या अभ्यासातही वंशद्वेष सोसणं आणि दातदुखी यांचा संबंध दिसला. सततच्या ताणाने प्रतिकारशक्ती ढासळते आणि हिरडीची सूज हटत नाही.

‘बाळंतपण झाल्यावर या’ म्हणून तिला परत पाठवणं चूक आहे. हिरड्यांची सफाई, दात भरणं, तेवढ्या भागाला भूल देऊन दात काढणं हे गरोदरपणात सुरक्षित आहे. चौथा ते सहावा महिना त्यातल्या त्यात सोयीचा. हिरड्यांवर उपचार केल्याने अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं कमी होतात, असं मोठ्या चाचण्यांत दिसलं नाही. नाही दिसलं तरी चालेल. आईचा ठणका थांबावा, एवढं कारण पुरे.

पण त्यासाठी तिने दुखणं सांगायला हवं. अकोले तालुक्याच्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं आणि गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यांत दलित होत्या, निरक्षर होत्या. आपल्यातलीच बाई विचारते म्हटल्यावर दुखणं बाहेर येतं. इथेही तसंच करता येईल. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांचा रक्तदाब, वजन, हिमोग्लोबिन बघतात. त्याच दिवशी वाडीवरच्या आशाताईने ‘आ कर बरं, रक्त येतं का गं?’ एवढं विचारावं, आणि दाताच्या डॉक्टरकडे जाताना केसपेपरच्या खिडकीपाशी तिच्यासोबत उभं राहावं.