श्रवणयंत्राची शिट्टी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

बीड जिल्ह्यातील हरिनाम सप्ताहाच्या मंडपात माइक कर्ण्यासमोर गेला की जो कर्कश आवाज उठतो, तोच प्रकार श्रवणयंत्रात अवघ्या काही सेंटिमीटरच्या अंतरात घडतो; तरीही कानात शिट्टी वाजताच यंत्र बिघडले असे समजून ते ट्रंकेत ठेवून दिले जाते. वस्तुतः यंत्राने कानात सोडलेला वाढीव ध्वनी कानात बसवलेल्या साच्याच्या फटीतून झिरपून पुन्हा माइककडे येतो, आणि एका फेरीतील वाढ ही वाटेतील घटीपेक्षा जास्त झाली व परतलेली लाट मूळ लाटेशी जुळली की शिट्टी सुरू होते. यालाच फीडबॅक म्हणतात. चालू यंत्र मुठीत धरल्यावर शिट्टी वाजणे ही तर सेल आणि यंत्र चालू असल्याची खूण आहे. ध्वनी बाहेर पडण्याचे तोंड बोटाने घट्ट दाबल्यावरही ती थांबत नसेल, तेव्हा मात्र बिघाड यंत्राच्या आत शोधावा लागतो.

आवाज कमी केला की प्रश्न सुटतो, हा समज अधिक घातक आहे, कारण शिट्टी बहुधा 2000 ते 4000 हर्ट्झच्या आसपास उठते आणि ‘साल’, ‘चाल’, ‘ताल’ यांतील फरक सांगणाऱ्या व्यंजनांच्या बऱ्याच खुणाही तेथेच असतात. आवाज कमी केल्यावर त्याही हरवतात; शब्द शिकणाऱ्या मुलासाठी हे नुकसान मोठे आहे.

डिजिटल यंत्रात शिट्टी होतच नाही, असेही मानले जाते. अशा यंत्रातील चिप बाहेर सोडलेला व माइकवर आलेला ध्वनी सतत ताडून गळतीचा अंदाज बांधते आणि तेवढा भाग वजा करते. क्षणोक्षणी स्वतःला सुधारणाऱ्या या गणिती गाळणीला अनुकूली फिल्टर म्हणतात, आणि तिचा पाया अभियंते विड्रो व हॉफ यांनी 1960 मध्ये मांडलेल्या पद्धतीत आहे. परंतु हार्मोनियमचा लांबवलेला सूर किंवा परळीच्या वैजनाथ मंदिरातील घंटेचा नाद स्वतःचीच पुनरावृत्ती करत असल्याने फिल्टर त्यालाच गळती समजतो, आणि सूर कापरा होतो. त्यावर बाहेर जाणाऱ्या ध्वनीची वारंवारता काही हर्ट्झने सरकवण्याचा उपाय केला जातो, जो भौतिकशास्त्रज्ञ मॅनफ्रेड श्रोडर यांनी 1964 मध्ये ध्वनिक्षेपकांच्या संदर्भात मांडला होता. बोलण्यात हा बदल सहसा जाणवत नाही, भजनाला मात्र बाधतो, म्हणून अनेक यंत्रांत संगीतासाठी वेगळा प्रोग्राम दिलेला असतो.

सैल साच्याची उणीव सॉफ्टवेअर भरून काढील, ही अपेक्षाही व्यर्थ आहे. मुलाचा कान वाढतो, तसा साचा पुन्हा करून घ्यावा लागतो. आणि कानातील मळामुळे ध्वनी पडद्याकडे न जाता माघारी वळत असेल, तर मळ काढण्यासाठी बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील कान-नाक-घसा विभाग गाठणे हेच आधी करावयाचे काम आहे.