बेडका निर्दोष, तरी क्षय?

मुलाला दोन आठवड्यांहून जास्त ताप-खोकला असतो, वजन वाढत नाही. आईवडील डॉक्टर बदलतात, खोकल्याची बाटली बदलते. अखेर बेडका तपासला जातो, ‘जंतू नाहीत’ असा रिपोर्ट येतो आणि घर निर्धास्त होते. हे स्वाभाविक असले तरी धोक्याचे आहे. बालक्षयात (मुलांच्या टीबीत) जंतू मुळातच थोडे असतात. पोतंभर तांदळात दोनचार खडे असले, तर एका मुठीत ते सापडतीलच असे नाही. शिवाय लहान मुले बेडका थुंकत नाहीत, गिळतात. म्हणून सकाळी उपाशीपोटी नाकातून नळी घालून जठरद्रव (पोटातला स्राव) काढावा लागतो. नळी पाहून आई घाबरणारच, तिला आधी नीट समजावून सांगायला हवे. घरात कोणाला क्षय झाला असेल, तर डॉक्टरांना आपणहून सांगा. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधे मोफत मिळतात.