ट्रॅक्टरची खांदेमळणी : मागच्या पेटीतील तेल आणि फिल्टर



पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांची खांदेमळणी करतो. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेल्या खांद्याला हळद-लोणी चोळतो, कारण सारा भार त्या खांद्याने वाहिलेला असतो. आता पुष्कळ घरांत बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला आहे. खंडेनवमीला आपण त्याला हार घालतो. त्याचे डिझेल, पाणी आणि इंजिनचे तेलही पाहतो. पण ट्रॅक्टरचा खरा खांदा म्हणजे सीटखालची लोखंडी पेटी. तिच्यातील तेल कित्येक ठिकाणी घेतल्या दिवसापासून तसेच असते.

असे होण्याला कारणे आहेत. हे तेल डोळ्यांना दिसत नाही, इंजिनच्या तेलासारखे जळून कमी होत नाही आणि बदलायचे म्हटले तर खूप लागते. ट्रॅक्टरच्या मॉडेलप्रमाणे वीस लिटरपासून चाळीस-पन्नास लिटरपर्यंत. एवढा खर्च पाहून माणूस म्हणतो, "चालतंय ना, मग चालू दे." पण ही पेटी बिघडली की ट्रॅक्टर मधून दोन तुकडे करून उघडावा लागतो. पेरणीच्या ऐन वाफशावर तो आठ-दहा दिवस मिस्त्रीच्या दारात उभा राहिला, तर दुरुस्तीच्या बिलापेक्षा हुकलेल्या पेरणीचे नुकसान मोठे असते. बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही.

पेटीत काय काय असते?

बहुतेक ट्रॅक्टरांत या एकाच पेटीत, एकाच तेलात, तीन-चार कामे चालतात. पुढे गिअर, मागे चाकांना ताकद वाटून देणारे डिफरन्शियल, वर नांगर उचलणारी हायड्रॉलिक लिफ्ट आणि तिचा पंप. तेलात बुडालेले ब्रेक असतील तर तेही याच तेलात फिरतात. ही रचना जुनी आहे. हॅरी फर्ग्युसन यांच्या टी.ई.-२० या ट्रॅक्टरचे उत्पादन १९४६ साली इंग्लंडमध्ये सुरू झाले. त्यातही लिफ्टचा पंप मागच्या पेटीतील तेलातच बसवलेला होता. पुढे जगभरच्या अनेक ट्रॅक्टरांनी हीच वाट धरली.

याचा अर्थ नीट समजून घ्या. गिअरच्या दातांतून झिजलेला लोखंडाचा कण त्याच तेलातून लिफ्टच्या पंपाकडे जातो. आपल्या डोक्याचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. पंपातील आणि झडपांतील फटी त्याहूनही कितीतरी बारीक असतात. म्हणून पंपाच्या आधी तारेची जाळी किंवा कागदी फिल्टर असतो. तो तुंबला की पंपाला पुरेसे तेल मिळत नाही आणि फाटला की कण थेट पंपात जातात. तेल बदलले आणि फिल्टर तसाच ठेवला, तर आंघोळ करून मळके कपडे घातल्यासारखे होते.

तेल बिघडते कशाने?

पहिला शत्रू पाणी. कोकणात, भंडारा-गोंदियाकडे किंवा मावळात भाताची चिखलणी करताना चाके निम्मी पाण्यात असतात. सील जुने झाले असेल तर तेथून पाणी आत शिरते. गिअरच्या दांड्याखालचे रबर फाटले असेल तर पावसाचे पाणी उतरते. ओढ्यात उभा करून किंवा जोराच्या पाइपाने ट्रॅक्टर धुतानाही पाणी जाते. शिवाय पेटी दिवसा तापते व रात्री गार होते, तेव्हा आतल्या हवेतील दमटपणाचे थेंब होतात. म्हणून वर्षातून थोडाच चालणारा ट्रॅक्टरही या बाबतीत सुरक्षित नाही.

दुसरा शत्रू धूळ आणि लोखंडाचा चुरा.

तिसरा शत्रू आपल्या लक्षात येत नाही. तो म्हणजे दुसऱ्याची ट्रॉली. उचलणारी ट्रॉली किंवा पलटी नांगर पाइपाने ट्रॅक्टरला जोडला की ट्रॅक्टरचेच तेल त्यात जाते आणि काम झाल्यावर परत येते. ती ट्रॉली काल दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला लावलेली असेल, तर त्याचे तेल, पाणी आणि घाण आपल्या पेटीत येते. म्हणून पाइप जोडण्यापूर्वी दोन्ही तोंडे स्वच्छ फडक्याने पुसावीत. काम संपल्यावर त्यांना टोपणे लावावीत. ट्रॉली खाली उतरवल्यावरच तेलाची पातळी पाहावी.

दुखणे ओळखावे कसे?

तेलपट्टी काढून बोटावर तेल घ्या. चांगले तेल पारदर्शक आणि मधासारखे दिसते. ताकासारखे पांढुरके दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. काळे, करपट वासाचे असेल तर ते तापून गेले आहे. बोटांवर खरखर लागली तर चुरा आहे.

पाण्याची खात्री करायची असेल तर सकाळी, ट्रॅक्टर सुरू करण्यापूर्वी, खालचा नट अगदी थोडा सैल करावा. रात्रभरात पाणी तळाला बसलेले असते, त्यामुळे आधी पाणी ठिबकते आणि मग तेल येते. दुसरी रीत अशी : पत्र्याचा जुना तुकडा तापवून त्यावर काडीने तेलाचा एक थेंब टाकावा. तडतड वाजली तर पाणी आहे. हे दूर उभे राहून करावे आणि त्यासाठी घरातला तवा घेऊ नये.

लिफ्टही बोलते. नांगर सावकाश उचलला जाणे, उचलताना थरथरणे, पंपातून शिट्टीसारखा आवाज येणे ही तेल कमी पडल्याची किंवा फिल्टर तुंबल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी पंप खराब झाला असे ठरवून तो खोलण्यापूर्वी तेलाची पातळी आणि फिल्टर पाहावा. पुष्कळदा दुखणे तेवढ्यातच सापडते.

कोणते तेल आणि केव्हा?

ट्रॅक्टरबरोबर आलेली पुस्तिका पेटीच्या तळाशी पडलेली असेल तर ती आधी बाहेर काढा. अनेक ट्रॅक्टरांना हे तेल सुमारे १००० तासांनी बदलण्यास सांगितलेले असते. पण नेमका आकडा आपल्या पुस्तिकेतलाच धरावा. नव्या ट्रॅक्टरचे दात एकमेकांवर बसताना चुरा जास्त पडतो, म्हणून पहिल्या सर्व्हिसला फिल्टरची जाळी पाहणे चुकवू नये. चिखलणी करणाऱ्यांनी हंगाम संपताच तेल तपासावे आणि पांढुरके दिसले तर तासांची वाट पाहू नये.

तेल पुस्तिकेत लिहिलेल्या प्रतीचेच घ्यावे. नुसते गिअरचे जाड तेल लिफ्टच्या पंपाला जड जाते आणि तेलातील ब्रेकांना चालत नाही. ब्रेक ओरडू लागतात. उरलेसुरले दोन प्रकार एकत्र करून भरू नयेत. अलीकडे काही घरांत क्लचचे पायडल नसलेली, आपोआप गिअर बदलणारी मोटारही आली आहे. तिच्या गिअरपेटीचे पातळ, बहुधा लाल रंगाचे तेल वेगळे असते. मोटारीचे उरले म्हणून ते ट्रॅक्टरच्या पेटीत ओतू नये आणि ट्रॅक्टरचे मोटारीत घालू नये.

बदलण्याची रीत

हे काम जाणत्या मिस्त्रीकडून करून घ्यावे. पण शेजारी उभे राहून पुढील गोष्टी होतात की नाही हे पाहावे.

१. ट्रॅक्टर अर्धा तास चालवून तेल कोमट करावे. कोमट तेलाबरोबर गाळ वाहून येतो. कढत तेल मात्र हात भाजते.

२. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा. ब्रेक लावून चाकांना दगड लावावेत. लिफ्टचे हात खाली सोडावेत. उचललेल्या अवजाराखाली कोणीही जाऊ नये, लेकरांना तर जवळही येऊ देऊ नये.

३. तेल काढण्याचे नट एकाहून अधिक असतात, पुढे गिअरखाली आणि मागे डिफरन्शियलखाली. एकच उघडला तर जुने तेल मागे राहते. पुस्तिकेतील चित्र पाहून सर्व उघडावेत.

४. नटाला लोहचुंबक असेल तर त्यावरचा गाळ पाहावा. राखेसारखा बारीक लगदा ही नेहमीची झीज आहे. टोचणारे तुकडे किंवा चकत्या दिसल्या तर आत काहीतरी तुटते आहे. नवे तेल भरण्यापूर्वी त्याचा शोध घ्यावा.

५. तारेची जाळी डिझेलमध्ये ब्रशने धुऊन पूर्ण वाळवावी. फडक्याने पुसू नये, त्याचे धागे जाळीत अडकतात. फाटलेली जाळी टाकून द्यावी. कागदी फिल्टर धुऊन पुन्हा बसवू नये, नवाच घालावा. त्याच्या रबरी कड्याला तेलाचे बोट लावून बसवावा.

६. नटांचे वायसर नवे घालावेत. तेल स्वच्छ डब्यातून, बारीक जाळीच्या नरसाळ्याने, वारा नसताना भरावे. थोडे भरून थांबावे, कारण पुढच्या कप्प्यातून मागे जायला तेलाला वेळ लागतो.

७. इंजिन हळू चालवून लिफ्ट आठ-दहा वेळा खालीवर करावी. मग बंद करून पुन्हा पातळी पाहावी व कमी तेवढे भरावे. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली डाग पडला आहे का ते पाहावे.

पाइपातून तेलाची बारीक पिचकारी उडत असेल तर ती हाताने चाचपू नये. दाबाखालील तेल कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसली तरी तत्काळ दवाखाना गाठावा.

पेटी डिझेलने धुवावी का?

"आत डिझेल घालून थोडे फिरवू, सगळी घाण निघेल," असे सांगणारे भेटतात. ऐकू नये. डिझेलला वंगणाचा गुण फार थोडा, त्यामुळे दात व बेअरिंग कोरडे घासतात. शिवाय कोपऱ्यांत राहिलेले डिझेल नव्या तेलाला पातळ करते. तेलात पाणी फार गेले असेल तर आधी ते शिरण्याची वाट बंद करावी, म्हणजे सील किंवा रबर बदलावे. मग नवे तेल भरून ट्रॅक्टर थोडे तास हलक्या कामावर चालवावा. तेल पुन्हा पांढुरके झाले तर तेही काढून दुसरे भरावे. खर्च दुप्पट होतो, पण गिअर आणि बेअरिंगच्या खर्चापुढे तो थोडाच.

काढलेल्या तेलाचे काय?

ही गोष्ट घरातील भगिनींनी विशेष ध्यानात ठेवावी. जुने तेल खाद्यतेलाच्या डब्यात भरून ठेवू नये, चुकून अनर्थ होतो. गोचिड जावेत म्हणून ते जनावरांच्या अंगाला लावू नये. जनावर ते चाटते आणि कातडीही भाजल्यासारखी होते. विहिरीजवळ, ओढ्यात किंवा बांधावर ते ओतू नये. २०१६ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे वापरलेले तेल हा घातक कचरा आहे. झाकणाच्या कॅनमध्ये भरून वर "जळके तेल" असे ठळक लिहावे आणि पुनर्वापरासाठी तेल गोळा करणाऱ्या परवानाधारकाकडे किंवा ते घेणाऱ्या सर्व्हिस केंद्रात द्यावे.

एक वही ठेवा

शेवटी एक लहानसे काम सांगतो. घरात दुधाची वही असते, किराण्याची असते, तशी ट्रॅक्टरची एक वही करावी. तेल व फिल्टर बदलल्याची तारीख, मीटरवरचे तास, तेलाची प्रत, किती लिटर भरले आणि पुढची बदली किती तासांनी, एवढेच लिहावे. शाळेत जाणारी मुले-मुली ही वही आनंदाने ठेवतील. आठवड्यातून एकदा तेलपट्टी पाहण्याची आठवणही तीच करून देतील. ट्रॅक्टर विकायचा झाला तर हीच वही घेणाऱ्याला दाखवता येते.

बैल मुका असला तरी खांदा सुजला की मान झटकून सांगतो. ट्रॅक्टरची मागची पेटी तेवढेही सांगत नाही. तिच्या वतीने तेल बोलते, ते आपण आठवड्यातून एकदा पाहिले पाहिजे. येत्या रविवारी सकाळी, ट्रॅक्टर सुरू करण्यापूर्वी, तेलपट्टी काढून बोटावर तेवढे तेल घ्या आणि उजेडात धरून पाहा.