समलिंगी हक्क आणि आंदोलनाची परिणामकारकता : नांदेड-लातूरच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवतेजसिंग जोहर खटल्यात कलम ३७७ मधील, प्रौढ व्यक्तींच्या परस्परसंमत खासगी संबंधांना गुन्हा ठरविणारा भाग घटनाबाह्य ठरविला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हे कलमच नाही. मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रियो निकालाने समलिंगी विवाहास कायदेशीर मान्यता देण्यास नकार दिला. या वाटचालीत मोर्चे व निदर्शने यांचा वाटा किती, याविषयी मतभेद आहेत. नांदेड व लातूर येथील अध्यापकांसाठी हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. शिक्षणासाठी गाव सोडून येथील वसतिगृहांत आणि भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या हजारो विद्यार्थ्यांपैकी काही समलिंगी असणारच. मुंबईतील मोर्चाचा त्यांना काय उपयोग, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आक्षेपांचे स्वरूप :
पहिला आक्षेप असा की, कायदा बदलला तो न्यायालयात, रस्त्यावर नव्हे. दुसरा आक्षेप प्रतिक्रियेचा आहे. डिसेंबर १९९८ मध्ये 'फायर' या चित्रपटाविरुद्ध मुंबईत चित्रपटगृहांची मोडतोड झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये आझाद मैदानावरील मेळाव्यात दिल्या गेलेल्या घोषणांवरून पोलिसांनी सुमारे ५० जणांविरुद्ध राजद्रोहाचा गुन्हा नोंदविला आणि मूळ विषय बाजूला पडला. तिसरा आक्षेप असा की, ही चळवळ महानगरी आहे. मुंबईत 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक १९९० मध्ये, तर हमसफर ट्रस्ट १९९४ मध्ये सुरू झाला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट स्थापन केला. महानगरात मोर्चात चालणारा मनुष्य गर्दीत मिसळून जातो. नांदेडच्या रस्त्यावर मात्र तो कोणाचा मुलगा, हे पाहणारास ठाऊक असते.

आक्षेपांची चिकित्सा :
पहिला आक्षेप न्यायालयीन इतिहासाच्या आधारे टिकत नाही. नाझ फाउंडेशनने २००१ मध्ये केलेली याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने २००४ मध्ये केवळ तात्त्विक प्रश्न म्हणून फेटाळली होती. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फेरसुनावणीसाठी परत पाठविली. त्यानंतर विविध संघटनांच्या एका आघाडीने प्रत्यक्ष छळाचे अनुभव प्रतिज्ञापत्रांद्वारे न्यायालयापुढे ठेवले आणि २ जुलै २००९ रोजी अनुकूल निकाल आला. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविताना समलिंगी लोक अत्यल्प असल्याचे व दीडशे वर्षांत २०० हूनही कमी खटले झाल्याचे कारण दिले. म्हणजे मौनाचा अर्थ अस्तित्वच नाही, असा लावला गेला. पुढे २०१६ मध्ये पाच व्यक्तींनी स्वतःच्या नावाने याचिका दाखल केली. नाव सांगण्याचे हे धैर्य चळवळीने निर्माण केलेल्या वातावरणाशिवाय कठीण होते.

दुसऱ्या व तिसऱ्या आक्षेपांत मात्र तथ्य आहे, आणि ते समजण्यास मराठवाड्याचाच अनुभव उपयोगी पडतो. जुलै १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने संमत केला. त्याची झळ बसली ती खेड्यांतील दलित वस्त्यांना. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी, म्हणजे सुमारे सोळा वर्षांनी. यावरून दोन गोष्टी दिसतात : आंदोलन निष्फळ नसते, परंतु त्याची किंमत बहुधा केंद्रापासून दूर असणारे, एकाकी लोक मोजतात.

येथे एक भेदही ध्यानात घ्यावा लागतो. दलित तरुणाच्या पाठीशी त्याचे घर आणि वस्ती उभी होती. समलिंगी तरुणाचा पहिला संघर्ष बहुधा घरातच असतो आणि घराविरुद्ध मोर्चा काढता येत नाही. म्हणून त्याने रस्त्यावर यावे, ही अपेक्षा अन्यायकारक आहे; तो आला नाही म्हणून त्याला हक्कांची गरज नाही, हा निष्कर्ष त्याहून अन्यायकारक ठरतो.

महाविद्यालयांची भूमिका :
चळवळीने मिळविलेले काही अधिकार आज महाविद्यालयांच्या हाती आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये रॅगिंगविरोधी विनियमांत दुरुस्ती करून लैंगिक कलावरून होणारा छळ व बहिष्कार यांचा रॅगिंगमध्ये समावेश केला. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ नुसार उपचारात लैंगिक कलावरून भेदभाव करता येत नाही. २०१८ मध्ये भारतीय मनोचिकित्सकांच्या संघटनेने समलैंगिकता हा आजार नसल्याचे स्पष्ट केले. हे नियम प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्यांस सांगणे, वसतिगृह अधीक्षकांस समजावणे आणि विद्यार्थ्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीविना पालकांस न कळविणे, यासाठी कोणत्याही मोर्चाची आवश्यकता नाही.

निष्कर्ष :
आंदोलनाने समलिंगी व्यक्तींचे अस्तित्व न्यायालयास आणि राज्यसंस्थेस दाखवून दिले. हे कार्य अन्य मार्गाने झाले असते, असे मानण्यास आधार नाही. परंतु मिळालेला हक्क नांदेड-लातूरच्या वसतिगृहापर्यंत पोहोचविणे आंदोलनाच्या आवाक्याबाहेरचे आहे. ते काम स्थानिक संस्थांचे, प्रामुख्याने शिक्षकांचे आहे. आंदोलनाच्या उपयुक्ततेविषयी शंका घेण्याचा अधिकार अध्यापकांस अवश्य आहे. मात्र हे काम हाती घेतल्यावरच ती शंका प्रामाणिक ठरेल.