रंग मारूनही भिंतीवर बुरशी येतेय? आधी पाणी कुठून येतंय ते शोधा

राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी या जादा पावसाच्या तालुक्यांत हे नेहमीचंच आहे. गणपतीच्या तोंडावर घराला रंग लागतो आणि दिवाळीपर्यंत कपाटामागे, खिडकीच्या कोपऱ्यात काळे ठिपके परत दिसतात. रंगाचे पैसे तर जातातच, पण घरात दम्याचा माणूस किंवा लहान लेकरू असेल तर खोकला आणि धापही वाढू शकते.

पुण्या-मुंबईत अशी ओल तपासायला पैसे देऊन माणूस बोलवता येतो. त्याच्याकडे भिंतीतला ओलावा मोजणारं मीटर असतं, कधी थर्मल कॅमेराही असतो. पण त्याचं मुख्य काम एकच, पाणी कुठून येतंय ते शोधणं. बुरशीचे सूक्ष्म कण हवेत सगळीकडे असतात. भिंत, लाकूड किंवा कापड एक-दोन दिवस ओलं राहिलं की ते तिथं रुजतात. पाणी थांबलं नाही तर रंग कितीही भारी असो, बुरशी परत येणारच.

यातली बरीचशी तपासणी घरच्या घरी जमते.

बुरशी की खार? भिंतीवर पांढरी भुकटी असेल तर तिच्यावर पाणी टाका. विरघळली तर तो खार आहे, बुरशी नाही. पण खार फुटतोय म्हणजे भिंतीत पाणी मुरतंय, हे नक्की.

ओल कुठं आहे?
- जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत पट्टा : पायातून ओल चढतेय.
- छताला किंवा भिंतीच्या वरच्या भागात : स्लॅबला चीर, फुटकं कौल किंवा गच्चीवर तुंबलेलं पाणी.
- न्हाणी, टाकीजवळ आणि उन्हाळ्यातही न वाळणारी : पाईप गळतोय.
- कपाटामागे, कोपऱ्यात : हवा कोंडतेय. चुलीची वाफ आणि घरात वाळत घातलेले कपडे यामुळेही असं होतं.

प्लास्टिकची चाचणी : भिंत पुसून हातभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. एक-दोन दिवसांनी बघा. कागदाच्या आतल्या बाजूला थेंब असतील तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला असतील तर खोलीतल्या दमट हवेचं पाणी आहे, खिडक्या उघडा.

साफ करताना : तीन फूट बाय तीन फुटांपर्यंतचा डाग घरी काढता येतो. तोंडाला मास्क, हातात मोजे घाला. खिडकी उघडी ठेवा. कोरडं खरडू नका, कण घरभर उडतात. साबणाच्या पाण्याने घासा आणि भिंत पुरती वाळवा. ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो. दम्याच्या माणसाला आणि पोरांना त्या वेळी खोलीबाहेर ठेवा.

डाग याहून मोठा असेल किंवा गिलावा फुगला असेल तर जाणत्या गवंड्याला किंवा इंजिनिअरला दाखवा. गच्ची, पाईप, पाया न बघताच जो रंगाचा भाव सांगतो, त्याला काम देऊ नका.

पाण्याची वाट बंद केल्यावरही भिंत वाळायला कित्येक आठवडे लागतात. यंदा गणपतीला ती भिंत तशीच राहिली तरी चालेल. रंग उन्हाळ्यात मारा, तो टिकेल.