सुई गाजली, शेक मागे राहिला

चिनी वैद्यकावर लेख मागताना संपादक सुयांचा फोटोही मागतात. पाठभर टोचलेल्या चकचकीत सुया, पालथा पडलेला रोगी आणि त्याच्या चेहऱ्यावर समाधान. यंदाही मागितला. मी नाही दिला. ज्याची वकिली मी याच अंकांतून म्हातारा होईपर्यंत करत आलो, त्या मॉक्साबद्दलच, म्हणजे आयच्या पाल्याच्या शेकाबद्दलच, यंदाही लिहिणार आहे. यिन-यांग, ची म्हणजे जीवनशक्ती, ती वाहते ते मार्ग आणि त्यांवरचे बिंदू हे सगळं वाचकांना पाठ आहे. त्यात वेळ घालवत नाही.

शेक आधीचा की सुई, हा वयाचा मुद्दा आधी मिटवतो. १९७३ मध्ये हुनान प्रांतात चांगशाजवळ मावांगदुईच्या थडग्यातून रेशमावर लिहिलेले वैद्यकाचे ग्रंथ निघाले. थडगं बंद झालं इ.स.पू. १६८ मध्ये. त्या ग्रंथांत शरीरातले अकरा मार्ग सांगितलेत, कुठला बिघडला की काय दुखतं ते सांगितलंय, आणि उपाय म्हणून त्या मार्गांवर शेक सांगितलाय. सुईचा पत्ताच नाही. सुईचा सविस्तर शास्त्रार्थ येतो तो नंतरच्या ‘हुआंगदी नेईजिंग’ या वैद्यकग्रंथात. म्हणजे घरातला थोरला शेक आणि धाकटी सुई. पुढे तिसऱ्या शतकात हुआंगफू मी या वैद्याने सगळं एका ग्रंथात बांधलं. अकराव्या शतकात वांग वेईयी या दरबारी वैद्याने बिंदूंची छिद्रं पाडलेले काशाचे पुतळे ओतून घेतले. वरून मेण थापायचं, आत पाणी भरायचं, परीक्षेला विद्यार्थ्याची सुई बरोबर लागली तर पाणी बाहेर. १८२२ मध्ये राजदरबाराच्या वैद्यक संस्थेतून सुई आणि शेक दोन्ही हद्दपार झाले, कारण सम्राटाच्या अंगाला टोचणं-भाजणं शोभत नाही! दरबाराने टाकलं, खेड्यांनी ठेवलं. बाकीचा इतिहास कुठल्याही पुस्तकात मिळेल.

आता आयकडे येऊ. हे दवण्याच्याच कुळातलं झुडूप. पाचव्या चांद्रमासाच्या पंचमीला, ड्रॅगन नौकांच्या सणाला, चिनी घरांच्या दारांवर याच्या जुड्या टांगतात, आणि औषधासाठी पाला खुडायचा हंगामही तोच. हूबेई प्रांतातल्या छीचुनचा आय नावाजलेला. ‘बेनत्साओ गांगमू’ हा औषधांचा कोश लिहिणारा ली शिझेन तिथलाच. पानं वाळवायची, कुटायची, चाळायची, देठ-शिरांचा भुगा काढून टाकायचा, पुन्हा कुटायची. शेवटी हातात उरतो तो पिवळसर, कापसासारखा लुसलुशीत गोळा. तो लगेच वापरत नाहीत. तीन वर्षं मुरू देतात, कारण ताज्या पाल्यातलं उडनशील तेल भसकन पेटतं आणि चटका देतं. जुना पाला मंद, एकसारखा धुमसतो. कागदात गुंडाळला की चिरुटासारखी कांडी होते. ती पेटवून कातडीपासून बोटभर-दीड बोट वर धरायची, दहा-पंधरा मिनिटं, जागा गुलाबी होईपर्यंत. कधी स्थिर, कधी गोल, कधी वरखाली. या वरखाली करण्याला चिनी वैद्य चिमणीचं दाणे टिपणं म्हणतात, आणि एकदा पाहिलं की दुसरं नाव सुचत नाही. पोट थंड पडलं, जुलाब लागले तर बेंबीत मीठ भरून त्यावर आल्याची चकती आणि तिच्यावर आयचा छोटा शंकू. आपल्याकडे बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवणाऱ्या आज्यांना यात नवल वाटलं नसतं.

रोजच्या तब्येतीसाठी सर्वांत लाडका बिंदू म्हणजे झूसानली. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं, नडगीच्या बाहेरच्या अंगाला. पचन, थकवा, पायांचं जडपण, सगळ्याला हाच. जपानी कवी बाशोने उत्तरेच्या लांब पायी प्रवासाला निघण्याआधी याच जागी शेक घेतला होता आणि स्वतःच तसं लिहून ठेवलंय. सुई घेऊन कोणी पदयात्रेची तयारी केल्याचं माझ्या वाचनात नाही.

पुरावा विचाराल तर आहे, पण जपून. एका इटालियन डॉक्टरने चिनी सहकाऱ्यांसह जिआंगशी प्रांतात २६० गर्भवती घेतल्या; निष्कर्ष १९९८ मध्ये छापून आले. सगळ्यांच्या पोटातलं बाळ पायाळू. निम्म्यांच्या पायाच्या करंगळीच्या नखालगतच्या बिंदूला शेक दिला. पस्तिसाव्या आठवड्यात शेकवाल्यांत १३० पैकी ९८ बाळं डोक्याकडून वळलेली, बाकीच्यांत १३० पैकी ६२. युरोपात पुढे झालेल्या काही चाचण्यांत मात्र हे यश तसं उतरलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. आमचे सुईवाले मित्र असं काही सांगत नाहीत. जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रोग्यांवर मोठी चाचणी झाली, २००७ मध्ये छापून आली. सुई घेतलेल्यांना नेहमीच्या उपचारापेक्षा बराच जास्त आराम पडला. पण बिंदू सोडून भलतीकडे, वरवर टोचलेल्यांनाही जवळजवळ तेवढाच पडला! माझ्या मते याचा अर्थ सुई खोटी असा नाही. पण अमुक मिलिमीटरवरच टोचलं पाहिजे म्हणून व्यासपीठावरून दरडावणाऱ्यांनी थोडा आवाज खाली आणावा.

जगाला सुईचं वेड लागलं १९७१ मध्ये. अमेरिकन पत्रकार जेम्स रेस्टन यांचं पेकिंगमध्ये अपेंडिक्स काढलं. ऑपरेशन नेहमीच्या भुलीखाली झालं. सुया आल्या नंतर, पोटात वायू धरला तेव्हा. तरी सुयांवर ऑपरेशन झालं ही भाकडकथा अजून भाषणांतून ऐकू येते. आणि त्याच लेखात रेस्टननी पोटाजवळ धरलेल्या जळत्या पाल्याचंही वर्णन केलंय, ते साफ विसरलं गेलं. सुईचा फोटो निघतो, धुराचा निघत नाही.

आपल्याकडे गोंधळ आणखी वेगळा. एक पंथ म्हणतो, हे सगळं सुश्रुताकडून तिकडे गेलं, मर्मं म्हणजेच बिंदू. अहो, सुश्रुताची १०७ मर्मं ही शस्त्रापासून सांभाळायच्या जागा आहेत, टोचायच्या नव्हेत. दुसरा पंथ तळपायाचे रंगीत तक्ते चिनी म्हणून विकतो. ते तक्ते विसाव्या शतकातल्या अमेरिकेचे, युनिस इंगहॅम यांच्या कामातून आलेले. कानात उलटं बाळ दाखवणारा नकाशा तर फ्रान्समधल्या ल्यों शहरच्या पॉल नोझिए यांचा, १९५० च्या दशकातला. चीनने तो नंतर उचलला. टोकेरी चपला विकणाऱ्यांबद्दल मी बोलत नाही, रक्तदाब वाढतो.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांनी सुईची विद्या भारतात आणली असंही सर्रास छापतात. कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातले, आघाडीवर शस्त्रक्रिया करत राहिलेले. १९४२ मध्ये ते तिथेच वारले. सुई आणली त्यांच्याच पथकातल्या डॉ. विजयकुमार बसूंनी, १९५९ मध्ये, कोलकात्यात. पुढे ती कोटणीसांच्या नावाच्या समित्यांतून पसरली, म्हणून घोटाळा. त्या काळच्या शिबिरांचं वातावरण आठवतं: सतरंजी, सुया उकळायचं पातेलं, रांगेत गिरणी कामगार आणि कंबरेला हात लावून आलेल्या बायका. कोपऱ्यात कोणीतरी कांडी पेटवलेली असायची आणि खोलीभर गवती, किंचित गांजासारखा वास. शेजारी तक्रार करायचे, तर त्यांनाच आत बोलावून खांद्याला शेक द्यायचा. तक्रार संपायची.

आता महाराष्ट्रात सुईच्या उपचारांसाठी २०१५ चा कायदा आहे. चांगलं झालं. पण वातानुकूलित खोलीत सुयांना विजेचे चिमटे लावून डॉक्टर दुसऱ्या रोग्याकडे निघून जातो. शेक द्यायचा तर समोर बसावं लागतं, कातडीवर नजर लागते, दुसऱ्या हाताचं बोट शेजारी टेकवून ऊब जोखावी लागते. ही बैठकच मोडली. धूर नको म्हणून बिनधुराच्या कोळशाच्या कांड्या आल्या, मग तांबडे दिवे. दम्याच्या माणसाला धूर नकोच, आणि मधुमेहाने पाय बधिर झालेल्याला शेकही नको, चटका कळत नाही. पण बाकीच्यांचं काय?

चिनी कांडी मिळते ती महाग, आत पाला किती आणि भुसा किती कोण जाणे. सह्याद्रीत ढोरदवणा उगवतो, आयचा सख्खा नातलग. त्याचा पाला कुटून, मुरवून, कांडी वळून तपासा, असा अर्ज मी एका आयुर्वेद संस्थेकडे दिला होता. उत्तर आलं की विषय अभ्यासक्रमाबाहेरचा आहे. ज्यांच्या अभ्यासक्रमात अग्निकर्म, म्हणजे डाग देऊन उपचार, आहे त्यांनी हे कळवावं! कोणाला करायचं असेल तर फुलोऱ्याआधीचा पाला घ्या, सावलीत वाळवा, देठ निवडून टाका. आणि पहिली तीन वर्षं कांडी वळू नका.